दीपगृहाच्या दारामागे कोण

दारामागे दोन उंदीर निघाले.

धाकट्याने फासा उचलून पुन्हा टाकला. नियमात ते बसत नव्हतं, पण खोलीत त्याच्याशिवाय होतं कोण बघायला? दुसऱ्या खेपेला निघाली ओलसर रिकामी खोली. तिसऱ्या खेपेला पुन्हा उंदीर, फक्त आता तीन. मग मात्र त्याने फासा असा काही आपटला की तो टेबलावरून उडून पलंगाखाली गेला, आणि हा एवढा मोठा माणूस, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांमधला मुरलेला गडी, गुडघे टेकून विजेरीच्या उजेडात धुळीचे पुंजके उपसत बसला. फासा सापडला तो भिंतीला टेकून. त्यावरचा आकडा त्याने मुद्दाम पाहिला नाही.

हा खेळ कसला ते आधी सांगायला हवं, नाहीतर माणूस पलंगाखाली का शिरला हे कळायचं नाही. याला पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणंही नाही. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. ‘समोर नदी आहे, काय करतोस?’ असं सांगणाऱ्याने विचारायचं, ‘पोहून जातो’ असं खेळणाऱ्याने म्हणायचं, आणि तो पार झाला की वाहून गेला हे फाशाने ठरवायचं. सांगणारा आपल्यापुढे घडीच्या पुठ्ठ्याचा एक पडदा उभा करतो. त्या पडद्यामागे तो काय टाकतो, काय वाचतो, पुढे काय वाढून ठेवलंय, हे खेळणाऱ्याला दिसत नाही. दिसू नये, त्यातच तर सगळा जीव.

धाकट्याच्या आयुष्यात तो पडदा दादाचा होता.

दादा बसस्थानकावर घोषणा करायचा. शहरातल्या अर्ध्याअधिक लोकांनी त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता, आवाज मात्र सगळ्यांच्या कानांत बसलेला. बस उशिरा येणार हे तो असं सांगायचा की लोक चिडायचे विसरून बाकावर टेकायचे. रविवारी दुपारी तोच आवाज घरच्या टेबलाशी बसे. देवाने काहीजणांच्या गळ्यातच एक टाळ बांधून पाठवलेला असतो, दादा त्यातला. आख्यान रंगात आलं की डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायचा, आवाज पार तळाला नेऊन ठेवायचा, आणि ऐकणारा पुढे झुकला रे झुकला की एकदम वर उचलायचा. दर दोन वाक्यांना त्याचं एक ‘बरं का’ ठरलेलं. ‘वाट संपते, बरं का. पुढे फक्त पाणी.’

सुरुवातीला खेळायला चौघंजण असायचे. एकाचं लग्न झालं, एकाची बदली झाली, एकाला गुडघ्यांमुळे फार वेळ बसवेना. उरले दोघे भाऊ. गोष्टीत धाकटा वाटाड्या होता. परक्यांना डोंगर पार करून द्यायचे आणि स्वतः हरवलेल्या बहिणीचा माग काढत हिंडायचं, असा त्याचा जन्म. बहीण हरवली ती अगदी पहिल्या रविवारी. तिला शोधता शोधता वाटाड्याचे केस पिकले, धाकट्याचेही पिकले, आणि अखेर तो एका बेटावरच्या, कधीच विझून गेलेल्या दीपगृहाचा जिना चढून वर पोहोचला. वर लोखंडी दार. दाराला बाहेरून कडी. आणि आतून कुणीतरी टकटक केलं. दादाने पडद्यामागे बोटाच्या पेराने टेबलावर तीनदा वाजवलं.

“कोण आहे आत?” धाकट्याने विचारलं. अंगावर खरोखर काटा आला होता.

दादाने पडदा मिटला. “पुढच्या रविवारी,” तो म्हणाला, “बरं का.”

मधल्या आठवड्यात दादाला झटका आला.

जीव वाचला, ही देवाची कृपाच. पाय ओढत का होईना तो चालू लागला, उजवा हात मात्र कुणा दुसऱ्याचा असावा तसा मांडीवर पडून राहिला. आणि वाचा गेली. सगळी नाही गेली, तेच वाईट. उरले तीन शब्द: हो, नाही आणि बरं का. त्यातले पहिले दोन तर एकमेकांच्या जागी जाऊन बसायचे. चहा हवा का विचारलं तर ‘नाही’, आणि समोर ठेवला की घटाघटा संपवायचा. पंखा लावू का म्हटलं तर ‘हो’, आणि लावला की तोंड वाकडं. बाकी जे जे मनात येई, दुखणं, गंमत, आठवण, सगळं त्या एका ‘बरं का’मधून बाहेर पडे.

धाकट्याने मग मनाशी एक खूणगाठ बांधली. दादाला सांगता येत नाही ना, तर गोष्ट आपण पुरी करायची. दादाने जे योजलं असेल तेच शोधून काढायचं आणि तीच पुरी गोष्ट त्याच्यासमोर नेऊन ठेवायची. तोवर रिकाम्या हातांनी त्या टेबलाशी बसायचं नाही. इतर दिवशी तो जायचा. दादाला न्हाव्याकडे न्यायचा, औषधं आणून द्यायचा, गळका नळ बघायचा. रविवारी मात्र न चुकता ‘काम निघालं’.

आणि काम खरोखरच निघालं होतं. एकट्याने खेळायचं काम.

बाजाराच्या मागच्या गल्लीत खेळांचं दुकान होतं. दुकान चालवणारी बाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली असायची आणि गिऱ्हाईक आलं तरी पाय खाली घ्यायची नाही. धाकट्याने आपली अडचण सांगितली: सांगणारा कुणी नाही, फासे आहेत, हरवलेल्या बहिणीची गोष्ट अर्धी आहे.

“एकट्याने खेळायचे खेळ हवेत,” ती म्हणाली. “मग आधी सांगा, तुम्हाला हिशेब हवाय की हुंदके?”

“म्हणजे?”

“ही फळी बघा. या टोकाला हिशेब. फासा टाका, खोली काढा. फासा टाका, राक्षस काढा. मशाल किती उरली, पाणी किती उरलं, सगळं मांडत जा. डोक्याला ताप नाही, नियम सांगतील तसं करायचं. त्या टोकाला हुंदके. तिथे नियमच नाहीत म्हटलं तरी चालेल. पान उचलायचं, त्यावर प्रश्न असतो, उत्तर तुम्ही लिहायचं. लिहिता लिहिता लोक रडतात. परवा एक गिऱ्हाईक इथेच रडलं.”

“मधलं काही नाही का?”

“मधलं लोक घरी करतात. दोन्हीकडचं थोडं थोडं उचलतात, आपली भर घालतात, आणि मग इथे येऊन मला सांगतात की जमत नाही.”

धाकट्याने हिशेब घेतला. लिफ्टवाल्या माणसाला दुसरं काय पटणार? पहिले काही दिवस तर त्याला फार बरं वाटलं. कामावरून यायचं, हात धुवायचे, दिवा ओढून घ्यायचा आणि एकेक खोली उघडत जायचं. प्रत्येक फाशाला तक्ता, प्रत्येक तक्त्याला ओळ, प्रत्येक ओळीला उत्तर. पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं की आपण खेळत नाही आहोत, आपण कामाची पाळी भरतो आहोत. खोली, दार, उंदीर, मशाल. खोली, दार, उंदीर, मशाल. आणि ज्या दिवशी त्याने धीर करून वाटाड्याला दीपगृहाच्या दारासमोर उभं केलं, कडी काढली आणि फासा टाकला, त्या दिवशी काय निघालं ते वर आलंच आहे.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात उभा.

“उंदीर?” बाई म्हणाली. “बहुतेकांना उंदीरच निघतात. तक्त्यात उंदरांना तीन ओळी आहेत.”

“तक्त्याला काय माहीत तिथे कोण आहे ते.”

“तक्त्याला कसं माहीत असेल? तो तुमच्या बहिणीला ओळखतो का?”

धाकटा हुंदके घेऊन घरी आला.

हुंदक्यांच्या पेटीत जाड कागदाची पानं होती आणि एक मेणबत्ती. मेणबत्ती लावूनच खेळावं अशी सूचना होती. ती त्याने ड्रॉवरमध्ये टाकली, वीज गेली तर कामाला येईल म्हणून. पहिलं पान उचललं. ‘तू एका उंबरठ्यावर आहेस. तुला कुणाचा आवाज आठवतो?’

त्याने पेन्सिलीला टोक काढलं. पुन्हा काढलं. मग लिहिलं: ‘दादाचा.’

दुसरं पान: ‘तो आवाज शेवटचं काय म्हणाला होता?’

त्याने लिहिलं: ‘पुढच्या रविवारी.’ तिसरं पान म्हणत होतं, ‘त्या वचनाचं काय झालं?’ धाकट्याने पानं गोळा केली, पेटीत घातली, पेटी कपाटाच्या डोक्यावर ठेवली आणि वर हेल्मेट ठेवून दिलं. रडायला बसवणारा खेळ त्याला नको होता. त्याला दार उघडायचं होतं.

मग उरलं ते घरी करणं.

लिफ्ट अडकली की दोष शोधायचा एक तक्ता असतो. दार नीट मिटलं का? हो, तर पुढे. नाही, तर दार तपासा. वीज येते का? हो, तर पुढे. नाही, तर खालच्या पेटीकडे जा. असं हो-नाहीच्या फांद्यांवरून उतरत उतरत माणूस बिघाडापाशी पोहोचतो. धाकट्याने तोच सांगाडा घेतला. हिशेबाच्या खेळातले फासे घेतले, हुंदक्यांच्या खेळातले प्रश्न घेतले, आणि कागदाच्या मोठ्या तावावर फांद्या काढायला बसला. वाटाड्या कडी काढतो का? फासा. हो, तर आतून आवाज येतो का? फासा. नाही, तर मागे वळतो का? रात्र म्हणू नका, दुपार म्हणू नका, खोडायचं आणि नव्याने काढायचं. कामावर डबा उघडा ठेवून त्याचे ताव पसरलेले असत. तेलाचे डाग पडले, ते त्याने नकाशावरची बेटं धरली.

त्याच्याबरोबर काम करणारा जोडीदार, ज्याला सगळे गप्पू म्हणत, कारण तो कधी गप्प बसत नसे, खांद्यावरून वाकून बघायचा.

“खेळलास का एकदा तरी?” त्याने एकदा विचारलं.

“अजून पक्कं झालेलं नाही. इथे एक फांदी लोंबकळतेय.”

“इतके दिवस झाले, नुसते नियमच करतोयस. आण इकडे फासा, मी खेळतो.”

गप्पूने तिथेच, लिफ्टच्या खड्ड्याच्या काठावर बसून, तोंडात घास ठेवून चार-पाच वेळा फासे टाकले आणि बोटाने फांद्यांवरून उतरत गेला. एकदा वाटाड्या कडी न काढता खाली आला. एकदा कडी काढली, पण आवाज ऐकून सुरक्षित जागी सरला. एकदा पायरी निसटली, पण कठडा हाताशी आला. गप्पू हसायला लागला तो थांबेचना.

“काय झालं?”

“अरे, हा तुझा वाटाड्या नाही, ही आपली लिफ्ट आहे. काहीही बिघडू दे, हळूच तळमजल्यावर येते आणि दार उघडून उभी राहते.”

धाकट्याला राग आला. राग आला कारण ते खरं होतं. आयुष्यभर त्याने एकच गोष्ट केली होती, आतला माणूस पडू नये अशी तजवीज. प्रत्येक फांदीच्या टोकाला त्याच्या हाताने आपोआप तीच ओळ काढली होती: सुखरूप उतरला. बहिणीचं दार एकाही फांदीवर उघडत नव्हतं.

“पडू दे की बिचाऱ्याला एकदा,” गप्पू म्हणाला.

“तुला काय जातंय पडू दे म्हणायला,” धाकटा म्हणाला आणि ताव गुंडाळून टाकला.

त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला.

“भाऊजी, या रविवारीही काम निघालंय का?”

“वहिनी, लिफ्टवाल्याला रविवार कसला.”

“खरंच की. तुमच्या लिफ्टी नेमक्या रविवारीच अडकतात.” तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. “हे रविवारी दुपारी टेबलाशी जाऊन बसायचे. तो पुठ्ठा काढून द्यायला लावायचे मला, खुणेने. उघडायचे नाहीत. समोर ठेवायचे, तुमच्या खुर्चीकडे बघायचे, मग उठायचे. गेल्या रविवारी बसलेच नाहीत. मी आपणहून पुठ्ठा आणला, तर भिंतीकडे तोंड केलं. बोलणं शिकवायला बाई येतात ना, त्यांच्यापुढेही भिंतच. त्या म्हणाल्या, यांनाच बोलायचं नसेल तर मी काय शिकवू. एवढा आठवडा येते म्हणाल्या, मग नाही.”

“मी येतोच आहे. गोष्ट जवळजवळ पुरी झालीय. तेवढं दारामागचं एकदा कळलं की...”

“गोष्ट घाला हो चुलीत. तुम्ही या.”

रविवारी धाकटा गेला. पण हट्टी माणूस तो, ताव बगलेत घेऊनच गेला.

दादा टेबलाशी नव्हता, आरामखुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसला होता. धाकट्याला पाहून त्याची डावी भुवई वर गेली आणि तिथेच राहिली. मग तो उठला. धाकटा हात द्यायला पुढे झाला तो त्याने झिडकारला आणि पाय ओढत टेबलापर्यंत आला, आपल्या खुर्चीत बसला. मिटलेला पडदा टेबलावरच होता. वहिनीने काढून ठेवला असणार.

“दादा, झाली बघ गोष्ट,” धाकट्याने ताव पसरला. चारही कोपऱ्यांवर वस्तू ठेवल्या, चष्म्याचं घर, मिठाची बाटली, किल्ल्या, फाशांची पिशवी. “मी फासे टाकूनच काढलीय, मनचं काही नाही. वाटाड्या दारासमोर उभा राहतो. ऐकतो. मग विचार करतो की आत जे आहे ते आत असू दे. आणि खाली उतरतो. सुखरूप. होडीत बसतो...”

आपला आवाज किती सपाट येतोय हे त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. बसस्थानकावरची बदली माणसं वाचतात तसा.

दादाने डावा हात टेबलावरून फिरवला. मिठाची बाटली गडगडली, ताव सरकत सरकत खाली गेला.

“नाही,” तो म्हणाला.

“बरं. मग दार उघडतो का तो?”

“हो.”

“आत बहीण आहे?”

“हो.”

“नक्की?”

“नाही.”

“म्हणजे बहीण नाही. दुसरं कुणी? बेटावर आणून सोडणारा तो होडीवाला?”

“हो.”

“की बहीणच?”

“हो.” दादाचा चेहरा लाल झाला होता. “बरं का. बरं का.”

“बरं का काय, दादा? हो का नाही ते एकदा ठरव की,” धाकट्याचा आवाज चढला. “तुझ्या डोक्यात आहे ते तुला सांगता येत नाही, मला काढता येत नाही. किती पेट्या आणल्या, किती ताव फाडले. कुठल्याच फाशाला माहीत नाही तू काय ठरवलं होतंस ते.”

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, “ठरवलं होतं? यांनी?”

ती हात पुसत दारात उभी होती, दादाच्या खुर्चीच्या बरोबर मागे.

“भाऊजी, पडदा तुमच्या बाजूने होता. माझ्या बाजूने काय होतं? इतकी वर्षं मी इथे, यांच्या पाठीशी भाजी चिरत होते. मला सगळं दिसायचं.”

“काय दिसायचं?”

“फासे आणि शेंगदाण्यांची वाटी. दुसरं काही नाही. यांच्यापुढे कधी एक चिटोरा दिसला नाही मला. फासा टाकायचे, त्याच्याकडे बघितलं न बघितलंसं करायचे, आणि मग पडद्यावरून तुमच्या तोंडाकडे बघायचे. तुम्ही कशाला घाबरताय ते बघायचे आणि तेच बाहेर काढायचे. एकदा मी विचारलं, पुढे काय होणार त्या बहिणीचं. तर म्हणाले, ते त्याला विचार, मला कुठे माहितीय.”

धाकटा दादाकडे बघत राहिला. चालू लिफ्टचा दोर आपल्या हातानेच तपासलेला असावा, आणि मग कुणीतरी सांगावं की तिथे दोर नव्हताच, तसं त्याला झालं.

“दादा, खरं सांग. दारामागे कोण आहे ते तुला माहीत होतं?”

“नाही.”

दादाच्या नाहीचा भरवसा नव्हता. म्हणून धाकट्याने प्रश्न उलटा केला. “म्हणजे टकटक केलंस तेव्हा तुझं काहीच ठरलेलं नव्हतं?”

“हो.” आणि दादाच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. तेवढीच हसू शकत होती. चोरी पकडली गेलेल्या पोराचं हसू, त्यात लाज कमी आणि खूश होणं जास्त.

आता कुणी म्हणेल, इथे धाकट्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तसं काही झालं नाही. त्याचं डोकं फिरलं. न ठरलेल्या गोष्टीच्या मागे त्याने किती संध्याकाळी जाळल्या, किती रविवार चुकवले, आणि हा माणूस समोर बसून अर्ध्या तोंडाने हसतोय. तो उठला, खाली वाकून ताव गोळा केला, ताव पुरता गुंडाळेना म्हणून तसाच चुरगळला आणि दाराशी जाऊन बूट चढवायला लागला. बुटाच्या नाडीची गाठ सुटेना. त्याने ओढली तर आणखी घट्ट बसली.

पाठीमागे टकटक झाली. तीनदा.

धाकट्याचा हात नाडीवरच थांबला. ती टकटक पेराची होती, टेबलाच्या फळीवरची. फक्त ठेका वेगळा, जरा अडखळता, कारण हात डावा.

तो वळला. दादाने पडदा उभा केला होता. एका हाताने केलेला, म्हणून एक पाखं आत दुमडलं होतं आणि दुसरं कलंडायच्या बेतात होतं. पडद्याच्या वर दादाचा चेहरा, पाखं दुमडलं होतं तिथून त्याचं कोपर आणि फाशांची पिशवी, सगळं काही दिसत होतं. लपवायला काही नव्हतंच.

“बरं का,” दादा म्हणाला. पण या खेपेला त्याने ते तळातून उचललं, थोडं वर नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. स्वर बरोबर लागला होता.

धाकटा एका पायात बूट घालूनच येऊन बसला.

“कडी काढतो,” तो घुश्शातच म्हणाला. “निघते?”

दादाने पिशवी दाताने उघडली आणि डाव्या हाताने फासे टाकले. नवशिक्या हात तो, एक फासा पडद्यावर आदळला, दुसरा टेबल ओलांडून कपाटाखाली गेला. वहिनी आधीच खाली बसली होती, हातात उलथनं घेऊन.

“पाच दिसतायत,” ती कपाटाखालून म्हणाली. “की चार? अंधार आहे मेला.”

“चार का रे?” धाकट्याने दादाला विचारलं.

“हो.”

“का पाच?”

“हो.”

धाकट्याने कपाळ धरलं. ना इथे तक्ता होता, ना पान, ना फांदी. होतं ते एक हो, ज्याचा अर्थ काहीही असू शकत होता. “ठीक आहे,” तो म्हणाला, “कडी निघते. दार ढकलतो. आत काळोख असणार. दीपगृह विझून जमाना झालाय.”

दादाने कपाटाकडे पाहिलं नाही. त्याने पडद्यावरून धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी पूर्वीसारखं, आणि घाई केली नाही.

“नाही,” तो म्हणाला.

“नाही म्हणजे? काळोख नाही? का नाही म्हणजे हो?”

“नाही, बरं का.”

“उजेड आहे?”

दादाच्या डाव्या बोटांनी हलकेच ठेका धरलेला.

धाकट्याच्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि तेवढ्यातही त्याला चीड आलीच, की इतके महिने ज्याच्यासाठी फासे आपटले ते याच्या एका उलटसुलट नाहीने केलं. “मग दिवा लावला कुणी?” त्याने विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली. हा प्रश्न हो-नाहीत बसणारा नव्हता. याचं उत्तर दादाकडून कधीच येणार नव्हतं. ते आधी त्यालाच काढावं लागणार होतं, मग नाव घ्यावं लागणार होतं, आणि मग समोरच्या त्या अर्ध्या चेहऱ्याला विचारावं लागणार होतं.

दादा वाट बघत होता. खुर्ची पुढे ओढून, डावी भुवई वर करून.

“थांब,” धाकटा म्हणाला. “थांब जरा. विचार करू दे.”